घाण्याचं तेल, उंदराचं लिव्हर आणि बाटलीवरचं 'संशोधनाने सिद्ध'

ठाण्यात गोखले रोडला चक्कर मारा नाहीतर इकडे वाशी-नेरुळला या, लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान कुठे ना कुठे दिसतंच. शेंगदाणा, तीळ, खोबरेल, करडई इथपर्यंत आपल्याला माहिती होतं, आता त्याच फळीवर जवसाचं तेल, कलौंजीचं तेल, भोपळ्याच्या बियांचं तेल अशा छोट्या काळपट बाटल्या असतात आणि त्यातल्या एखादीवर तरी लिहिलेलं असतं, "लिव्हरसाठी उत्तम, संशोधनाने सिद्ध". गंमत म्हणजे ही पूर्ण थाप नाहीये. खरंच असे पेपर आहेत, भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी आपल्याच देशातल्या फार्मसी कॉलेजांमधून आलेत. पण त्या पेपरात नक्की काय केलेलं असतं हे दुकानदाराला माहीत नसतं, घेणाऱ्याला नसतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलणाऱ्याला तर विचारूच नका. मी एम.फार्म.ला फार्माकोलॉजी केलं, असल्या प्रयोगांच्या अवतीभवती वावरले, आणि माझे एक काका रबाळ्याच्या पट्ट्यात केमिकल युनिटमध्ये कामाला आहेत, त्यांनी परवा सरळ विचारलं, "अगं, आमच्याकडे दिवसभर सॉल्व्हंटचा वास, मी हे जवसाचं तेल रोज दोन चमचे घेऊ का, लिव्हरला बरं असतं म्हणे?" फोनवर एका वाक्यात सांगता येईना म्हणून हे लिहितेय.

तर मुद्दा असा की कुठलंही तेल लिव्हर वाचवतं का हे बघायचं असेल तर आधी लिव्हर खराब करावं लागतं, तेही मुद्दाम, ठरवून, आणि सगळ्या उंदरांचं साधारण सारखंच. माणसाचं लिव्हर दारूने, चरबीने, कावीळीच्या व्हायरसने वर्षानुवर्षं हळूहळू बिघडतं, तेवढा वेळ एम.फार्म.च्या प्रोजेक्टला कुठे असतो, म्हणून एका झटक्यात काम करणारं विष वापरतात. यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लाडकं विष म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, लॅबमध्ये सगळे सीसीएल-फोर म्हणतात. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पाण्यापेक्षा दीडपट जड, आणि वास किंचित गोडसर. एकेकाळी हे ड्रायक्लीनिंगला वापरायचे, आग विझवायच्या यंत्रात भरायचे, धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात सोडायचे, आणि कहर म्हणजे १९२० च्या दशकात हुकवर्मच्या जंतांवर औषध म्हणून माणसांना चक्क पाजलं जायचं. पुढे ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्याच्यावर लगाम आला आणि २०१० पासून आपल्यासारख्या देशांतही असा खुला वापर बंद झाला. लॅबमधल्या छोट्या बाटल्या मात्र राहिल्या.

आता हे विष लिव्हरला करतं काय ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सीसीएल-फोर स्वतः म्हणाल तर तसं थंड डोक्याचं आहे, पेशीत गेल्यागेल्या काही धुमाकूळ घालत नाही. धुमाकूळ लिव्हरच्या स्वतःच्या हुशारीमुळे होतो. लिव्हरच्या पेशीत बाहेरून आलेली केमिकल फोडून बाहेर टाकायला एन्झाइम असतात, त्यातलं एक सीवायपी-टू-ई-वन नावाचं, दारूचाही थोडा भाग हेच पचवतं. ते सीसीएल-फोरमधला एक क्लोरीन काढून टाकतं आणि उरतो एक अर्धवट तुकडा, ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल, ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन एकटाच पडलेला असतो, आणि असा तुकडा गप्प बसूच शकत नाही, शेजारी जे सापडेल त्याच्यावर तुटून पडतो. ऑक्सिजन मिळाला तर तो अजून चवताळतो. शेजारी काय असतं? पेशीचं आवरण, आणि ते बनलेलं असतं फॅटचं, त्यातही अनसॅच्युरेटेड फॅटचं. एका फॅटी अ‍ॅसिडमधून त्याने हायड्रोजन ओढला की ते फॅटी अ‍ॅसिड रॅडिकल होतं, ते ऑक्सिजन पकडून पुढच्याचा हायड्रोजन ओढतं, पुढचं त्याच्या पुढच्याचा, अशी साखळी सुरू होते. याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात, आणि ही केमिस्ट्री तुमच्या स्वयंपाकघरात रोज होते, दिवाळीत उरलेलं तळणीचं तेल उघडं ठेवलं की आठवड्याभरात खवट वास येतो ना, तीच. सीसीएल-फोर दिलेल्या उंदराच्या लिव्हरची पेशी अक्षरशः आतून खवट होते, आवरण फाटतं, आतला माल रक्तात सांडतो.

आणि हे सगळीकडे सारखं होत नाही. लिव्हर म्हणजे छोट्या छोट्या षटकोनी खोल्यांचा ठोकळा आहे असं समजा, प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक शीर असते, आणि सीवायपी-टू-ई-वन सगळ्यात जास्त असतं ते या मधल्या शिरेच्या आजूबाजूच्या पेशींत. म्हणून विष तिथेच जास्त तयार होतं आणि तिथल्याच पेशी आधी मरतात. काचेवर लिव्हरची पातळ चकती घेऊन, जांभळा-गुलाबी रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरली की मधल्या शिरेभोवती फिकट, फुगलेल्या, केंद्रक गेलेल्या पेशींचं कडं दिसतं आणि षटकोनाच्या कडेच्या पेशी मात्र बऱ्यापैकी शाबूत. पहिल्यांदा बघणाऱ्यालाही कळतं इतकं ते स्पष्ट असतं. तेलाने "वाचवलं" म्हणजे हे कडं बारीक झालं.

प्रयोगाची मांडणी आता सांगते, ही जवळपास सगळ्या पेपरांत एकाच साच्यातली असते. उंदीर म्हणजे घरातले नव्हे, पांढरे विस्टार नाहीतर स्प्रेग डॉली जातीचे, दीडशे-दोनशे ग्रॅमचे. प्राण्यांवर काहीही करण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती कमिटी केंद्राच्या सीसीएसईए नावाच्या समितीच्या नियमांखाली चालते आणि त्या सगळ्याच्या मुळाशी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. ही परवानगी मिळवणं हा स्वतंत्र व्याप असतो, किती उंदीर, का तेवढेच, कमी का नाही, शेवटी त्यांचं काय करणार, सगळं लिहून द्यावं लागतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एकेका ग्रुपमध्ये बहुतेक वेळा सहा उंदीर. एका ग्रुपला काहीच विष नाही. एकाला फक्त विष. एकाला विष आणि सिलिमॅरिन, हे तुलनेसाठीचं ठरलेलं औषध. आणि मग दोन ग्रुपना विष आणि आपलं तेल, कमी डोसमध्ये आणि जास्त डोसमध्ये. तेल आधी सात दिवस किंवा जास्त रोज पाजतात, पाजायची सुई सरळ घशातून जठरात जाते, तिच्या टोकाला बारीक गोळी असते म्हणजे अन्ननलिका टोचू नये, आणि हात बसेपर्यंत शिकणारा आणि उंदीर दोघांचीही परीक्षा असते. शेवटच्या दिवशी पोटात सीसीएल-फोरचं इंजेक्शन, आणि चोवीस तासांनी भूल देऊन रक्त घेतात, लिव्हर काढतात.

ते लिव्हर ताटलीत ठेवलेलं बघितलं की निम्मा निकाल रिपोर्ट यायच्या आधीच कळतो. निरोगी लिव्हर गडद, चॉकलेटी-लालसर, कडा पातळ आणि चकचकीत. फक्त विष दिलेलं लिव्हर फिकट पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं, सुजलेलं, कडा बोथट झालेल्या, हाताला जरा ठिसूळ लागतं. म्हणूनच चकतीला मार्क देणाऱ्याला कुठली चकती कुठल्या ग्रुपची हे सांगायचं नसतं, कारण एकदा डोळ्याने ताटली बघितली की माणूस आपोआप "तेलवाल्या"ला बरे मार्क देतो, कितीही प्रामाणिक असला तरी. पेपरात हे लपवून मार्किंग केलंय असं लिहिलं नसेल तर मी तो भाग जरा हलक्यातच घेते.

रक्तात बघतात एसजीपीटी आणि एसजीओटी, जे आपल्या वार्षिक चेकअपच्या रिपोर्टात पण असतात. ही लिव्हरच्या पेशीच्या आत राहायची एन्झाइम, बाहेर सापडली म्हणजे पेशी फुटल्यात. मजा अशी की या एन्झाइमची रक्तातली गोष्ट आधी लिव्हरवरून सुरू झालीच नाही, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना हार्ट अटॅकच्या पेशंटच्या रक्तात एसजीओटी वाढलेलं दिसलं आणि लिव्हरचा विषय त्यानंतर आला. कारण एसजीओटी हृदयात, स्नायूत, लाल पेशीत पण असतं. म्हणून लॅबमध्ये रक्त घेताना घाई झाली, लाल पेशी फुटल्या आणि सिरम गुलाबी दिसायला लागलं तर तो आकडा बिनकामाचा, लिव्हर ठणठणीत असलं तरी एसजीओटी चढलेलं दिसेल. एसजीपीटी त्यामानाने लिव्हरचं जास्त खात्रीचं. याशिवाय लिव्हरचा तुकडा वाटून त्यात खवटपणा मोजतात, मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ, तोच जो खवट तेलातही तयार होतो, आणि पेशीचा स्वतःचा बचावाचा साठा, ग्लुटाथायोन, किती उरलाय ते. तेलवाल्या ग्रुपमध्ये एसजीपीटी कमी, खवटपणा कमी, ग्लुटाथायोन जास्त, चकती बरी, झालं, "हेपॅटोप्रोटेक्टिव्ह", म्हणजे लिव्हर वाचवणारं. पेपर तयार.

आता खरी मेख. तेल आधी सात दिवस दिलं आणि विष नंतर. समजा तेलातल्या कुठल्यातरी घटकाने ते सीवायपी-टू-ई-वन एन्झाइमच बंद पाडलं. मग काय होईल? सीसीएल-फोर आत येईल, एन्झाइम बंद, रॅडिकल तयारच होणार नाही, आणि जसं आलं तसं बरंचसं श्वासावाटे निघून जाईल. लिव्हर मस्त राहील. एसजीपीटी मस्त, खवटपणा मस्त, ग्लुटाथायोन मस्त, चकती मस्त. सगळे आकडे म्हणतील तेलाने लिव्हर वाचवलं, आणि खरं तर तेलाने लिव्हरला काहीच केलेलं नाही, विष बनूच दिलं नाही एवढंच. लसणातलं डायअलिल सल्फाइड हे असंच या एन्झाइमला अडवतं, दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम पण अडवतं. म्हणून काय दारूमुळे लिव्हर खराब झालेल्याला आपण सांगू का की घे डायसल्फिराम आणि बरा हो? याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे, कारण माणूस दवाखान्यात येतो तो विष खाऊन झाल्यावर, आधी सात दिवस तेल पिऊन येत नाही. लिव्हरला खरंच मदत होते का हे बघायचं तर विष देऊन, त्याचं रॅडिकल बनून झाल्यावर, काही तासांनी तेल द्यायला पाहिजे. असं करणारे पेपर आहेत, पण कमी, आणि कारण उघड आहे, तसं केल्यावर छान निकाल येणं बरंच अवघड होतं.

उलट बाजूलाही एक खड्डा आहे. विष आधी देऊन मग आठवडाभर तेल पाजलं आणि मग लिव्हर बघितलं, तर ते बरं झालेलं असणारच, तेल द्या नाहीतर पाणी द्या. लिव्हर हा वाढून येणारा अवयव आहे, १९३१ मध्येच हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी दाखवलं होतं की उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर कापून टाकलं तरी साधारण आठवडा-दहा दिवसांत ते परत तेवढ्या वजनाचं होतं. सीसीएल-फोरच्या एका डोसचा मार तर त्याहून सौम्य. त्यामुळे "विष दिलं आणि नुसतं सोडून दिलं" असा ग्रुप त्याच दिवशी सोबत तपासला नसेल तर लिव्हरची कर्तबगारी तेलाच्या खात्यावर जमा होते.

आणि तेलाच्या बाबतीतली खास गोची म्हणजे सीसीएल-फोर मुळात तेलात मिसळूनच टोचतात, बहुतेक ऑलिव्ह ऑइलमध्ये, कारण पाण्यात ते विरघळत नाही. म्हणजे सगळ्याच उंदरांच्या पोटात कुठलं ना कुठलं तेल गेलेलंच आहे. त्यात एका ग्रुपला वरून जवसाचं तेल रोज तोंडाने आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन, तर फरक जवसाचा की कुठल्याही फॅटचा हे कसं कळणार? सोपा उपाय आहे, एका ग्रुपला तेवढंच साधं सूर्यफुलाचं नाहीतर ऑलिव्हचं तेल पाजा आणि मग तुलना करा. मी पेपर हातात घेतला की पहिल्यांदा हा ग्रुप शोधते आणि बऱ्याच वेळा तो सापडत नाही. मला विचाराल तर ही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे, कारण खर्च फक्त सहा उंदीर आणि एक बाटली तेलाचा. असंच डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाच्या सॉल्व्हंटचं, अर्क विरघळवायला लॅबमध्ये सर्रास वापरतात, आणि ते स्वतःच ते एन्झाइम अडवतं. मग वाचवलं कोणी, वनस्पतीने की सॉल्व्हंटने?

सीसीएल-फोर नको म्हणून कित्येकजण पॅरासिटामॉल वापरतात, म्हणजे आपली तापाची गोळी. तिचंही तसंच, नेमक्या डोसमध्ये बिनधोक, दिवसाला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, त्याच्या खूप वर गेलं की त्याच एन्झाइमने तयार होणारा एक विषारी तुकडा लिव्हरमधलं ग्लुटाथायोन संपवून टाकतो आणि मग पेशी मरायला लागतात. म्हणूनच ओव्हरडोसच्या पेशंटला दवाखान्यात एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात, ज्यापासून शरीर पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं. हे सीसीएल-फोरपेक्षा माणसाच्या जवळचं मॉडेल आहे, फक्त गडबड अशी की मोठे पांढरे उंदीर पॅरासिटामॉलला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, छोटे माईस त्यामानाने माणसासारखे वागतात. तरी पेपरामागून पेपर मोठ्या उंदरावर, किलोला दोन-दोन ग्रॅम देऊन, कारण कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये तेच असतात.

बरं, आता तेलाकडे येऊ. "जवसाचं तेल" असं पेपरात लिहिलं म्हणजे ते तुमच्या दुकानातलंच तेल असं समजू नका. लॅबमध्ये बऱ्याचदा बिया वाटून हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये उकळवून तेल काढतात आणि मग हेक्झेन उडवून टाकतात. घाण्यात दाबून निघतं ते वेगळं, कुठल्या तेलात काय किती उतरतं हे काढायच्या पद्धतीवर ठरतं. बी कुठून आणलं, वाशीच्या एपीएमसीतून आणलं की शेतातून, ताजं की दोन वर्षं गोणीत पडलेलं, यानेही फरक पडतो, म्हणूनच नीट काम करणारे आधी वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून बी ओळखून घेतात, नमुना जपून ठेवतात, आणि तेलात कुठलं फॅटी अ‍ॅसिड किती टक्के ते मशीनवर मोजतात. कलौंजीच्या बाबतीत तर हे फार लागतं, कारण तिचा नाव घेण्यासारखा घटक थायमोक्विनोन, तो उडून जाणाऱ्या भागात असतो, उघड्या बाटलीत महिनाभर ठेवलेल्या तेलात तो किती राहिला असेल देव जाणे. तिळाच्या तेलात सेसामिन, सेसामोल असतात, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही, आपल्या आज्यांना हे केमिस्ट्री न शिकता माहिती होतं.

जवसाची गोष्ट मात्र बरोबर उलटी. त्यात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक अ‍ॅसिड, म्हणजे ओमेगा-थ्री, आणि हे फार लवकर खवट होणारं फॅट. वर म्हटलं तसं लिव्हर बिघडतं तेच फॅट खवट होऊन, मग खवट व्हायला एवढं तयार असलेलं फॅट पेशीत वाढवून ते वाचणार का अजून पेटणार? याचं सरळ उत्तर नाहीये. व्हिटॅमिन ई सोबत किती आहे, डोस किती, विष कुठलं, यावर ते फिरतं. १९८० च्या दशकात दारूवर प्रयोग झाले, उंदरांच्या पोटात नळीने सतत दारू सोडायची आणि सोबत वेगवेगळी फॅट द्यायची, तर मक्याच्या तेलावरच्या उंदरांचं लिव्हर बिघडलं आणि गाईच्या चरबीवरच्यांचं त्यामानाने टिकलं. हार्टवाले जे फॅट चांगलं म्हणतात ते तिथे वाईट ठरलं. याचा अर्थ दारूसोबत चरबी खा असा कृपया कोणी काढू नका, मी फक्त एवढंच सांगतेय की "बियांचं तेल लिव्हरला चांगलं" हे वाक्य इतकं ढोबळ आहे की त्याला खरं किंवा खोटं म्हणताच येत नाही.

आणि ते सिलिमॅरिन, ज्याच्याशी सगळ्या तेलांची तुलना करतात, तेही एका बीमधूनच येतं, मिल्क थिसल नावाच्या युरोपातल्या काटेरी झाडाच्या. पण ते काढताना कारखान्यात काय करतात माहितीये, आधी बियांमधलं तेल काढून बाजूला करतात आणि उरलेल्या चोथ्यातून सिलिमॅरिन मिळवतात. म्हणजे बियांच्या तेलांची परीक्षा घेणारा जो मास्तर आहे, त्याचा जीव तेलात नसून पेंडीत आहे. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या पेशंटला यातलंच सिलिबिनिन शिरेतून देतात, त्यामुळे त्याला अगदीच उंदरांपुरतं म्हणता येणार नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं म्हणणाऱ्यांना मी पिवळ्या धोत्र्याची आठवण करून देते. पिवळी फुलं, काटेरी पानं, रस्त्याकडेला कुठेही उगवतं, बी दिसायला मोहरीसारखं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि १९९८ मध्ये दिल्लीत एपिडेमिक ड्रॉप्सीची साथ आली, पाय सुजलेले, धाप लागलेली माणसं हजारोंनी दवाखान्यात आणि साठच्या वर मृत्यू. तेही बियांचंच तेल होतं, घाण्यातूनही काढता आलं असतं. अलीकडचं बघायचं तर २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या आणि लिव्हर बिघडलेल्या पेशंटवर पेपर लिहिला, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. वाद काही असो, कावीळ झालेल्या माणसाने डॉक्टरला आपण काय काढे, काय तेलं घेतो हे सांगितलंच पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं तेच लपवतात, "घरगुतीच तर आहे" म्हणून.

काकांच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्या युनिटमध्ये डीएमएफ वापरतात, डायमिथाइलफॉर्मामाइड, हे सॉल्व्हंट लिव्हरला खरंच त्रासदायक आहे आणि नाकापेक्षा कातडीतून आत जायची त्याची सवय जास्त धोक्याची, हातावर सांडलं, पुसलं, विसरलं असं चालत नाही. ते पचवण्यातही तेच सीवायपी-टू-ई-वन असतं, आणि डीएमएफमध्ये काम करणाऱ्याने संध्याकाळी दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, तिथले जुने कामगार हे अनुभवाने सांगतात. मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही ग्लोव्हज कुठले घालता ते आधी सांगा." तर पातळ, स्वस्तातले, दवाखान्यात असतात तसले. त्यातून डीएमएफ थोड्या वेळात आरपार जातं, त्याला ब्यूटाइल रबरचे जाड ग्लोव्हज लागतात. "आणि कंपनीचं मेडिकल होतं त्यात एसजीपीटी असतं का? मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट एकत्र काढून ठेवा, एकच आकडा बघून काही कळत नाही, चढतोय का ते बघायचं." त्यांना तेलाबद्दल ऐकायचं होतं, मी ग्लोव्हजबद्दल बोलत बसले, जरा नाराज झाले.

म्हणून मग तेलाचा हिशेबही करून दिला, तोही तुम्हाला सांगते. उंदराला समजा किलोमागे २ मिली तेल दिलं. सरळ गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला १२० मिली होतात, पण असं करत नाहीत, कारण लहान प्राण्याचं शरीर सगळंच भराभर वापरतं. त्यासाठी ठरलेला हिशेब आहे, उंदराच्या डोसला ६ ने गुणायचं आणि ३७ ने भागायचं. म्हणजे किलोला साधारण ०.३२ मिली, ६० किलोला साडेएकोणीस मिली, चहाचे चार चमचे. "दोन चमचे" कुठून आले मग? कुठूनच नाही, बाटली महिनाभर पुरावी असा आकडा असणार. आणि चार चमचे तेल म्हणजे वरून साधारण १६० कॅलरी रोज, ज्याला आधीच सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन लिहून आलंय आणि नवी मुंबईत असे कितीजण असतील ते आपल्या आपल्या ऑफिसात विचारून बघा, त्याने हे भाजी-आमटीतलं तेल तेवढंच कमी न करता घेतलं तर उलटंच व्हायचं. जवसाची चटणी भाकरीबरोबर खा, त्याला माझी काही हरकत नाही, आमच्याकडे रोज असते. तेल घ्यायचंच तर छोटी बाटली, काळ्या काचेची, फ्रिजमध्ये, आणि तळणीला अजिबात नको. उघडल्यावर रंगाच्या डब्यासारखा वास आला तर सरळ टाकून द्या, ते खवट झालंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. काकांच्या चालू आहेत, त्यांनी अजून विचारलेलं नाहीये.